मापाचा शेर आणि वजनाचा शेर

आज स्वयंपाकघरात जाल तेव्हा एक लहानसे काम करा. खाद्यतेलाची एक लिटरची पिशवी हातात घ्या आणि तिच्यावर काय छापले आहे ते वाचा. मोठ्या अक्षरांत ‘१ लिटर’ असे असेल. त्याच्या शेजारी, बहुधा बारीक अक्षरांत, आणखी एक आकडा दिसेल. तो असेल ९१० ग्रॅम, किंवा त्याच्या अगदी जवळपासचा. आता पुष्कळांच्या मनात असे पक्के बसलेले असते की, एक लिटर म्हणजे एक किलो. मग हजारातले नव्वद ग्रॅम गेले कुठे? दुकानदाराने मारले की कारखानदाराने?

कोणीच मारले नाहीत. पिशवीत तेल पुरे एक लिटर आहे आणि त्याचे वजनही बरोबर ९१० ग्रॅमच आहे. चूक झाली आहे ती आपल्या समजुतीत. लिटर हे माप आहे आणि किलो हे वजन आहे. एखादी वस्तू किती जागा व्यापते हे माप सांगते. ती किती जड आहे हे वजन सांगते. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच समजल्याने आपल्या रोजच्या व्यवहारात लहानमोठे घोटाळे होतात. कधी चार पैशांचे नुकसान होते, कधी उभे पीक करपते, आणि कधी प्रसंग जिवावरही बेततो. म्हणून आज या लहान मापांविषयी आणि लहान वजनांविषयी आपणांशी थोडे बोलायचे योजले आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांना हा भेद चांगला ठाऊक होता. त्यांच्याकडे शेर दोन होते. एक कैली शेर, म्हणजे भरून मोजायचा शेर, आणि दुसरा वजनी शेर, म्हणजे तराजूत तोलायचा शेर. धान्य, दूध हे कैली मापाने जाई. गूळ, कापूस, तूप हे वजनी जाई. मापाचे कोष्टक निराळे होते : दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. वजनाचे कोष्टक त्याहून निराळे : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर आणि चाळीस शेरांचा मण. पायली काही गावोगाव सारखी नव्हती, हे खरे. एका बाजारची पायली दुसऱ्या बाजारच्या पायलीशी जुळत नसे, आणि त्यातून भांडणेही होत. ‘मापात पाप’ ही म्हण काही उगीच पडलेली नाही. तरीपण ‘शेरभर’ म्हटले की ‘कैली का वजनी?’ असा प्रश्न जुना माणूस आधी विचारी. तो प्रश्न विचारण्याची सवय आपण गमावली आहे.

पुढे १९५६ साली वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून देशात टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली. शेर, मण गेले. किलो, क्विंटल आले. चिपटे, मापटे गेले. लिटर आणि मिलिलिटर आले. ही गोष्ट फार चांगली झाली. सगळा हिशेब दहाच्या पटीत आला, आणि चंद्रपूरचा किलो व सावंतवाडीचा किलो एक झाला. परंतु नव्या पद्धतीत एक गोड सोय आहे, आणि त्या सोयीनेच थोडा घात केला. ती सोय कोणती, ते आता पाहू.

फ्रान्समध्ये १७९५ साली ही पद्धत बसवताना विद्वानांनी ग्रॅम ठरवला तो पाण्यावरून. एक सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर उंच अशा चौकोनी डबीत मावेल एवढ्या शुद्ध पाण्याचे वजन, तो एक ग्रॅम. तेवढ्याच डबीत जे मावते त्याला आपण एक मिलिलिटर म्हणतो. म्हणजे पाणी असेल तर एक मिलिलिटर बरोबर एक ग्रॅम, आणि एक लिटर बरोबर एक किलो. आज किलोग्रॅमची शास्त्रीय व्याख्या बदललेली आहे. २० मे २०१९ पासून ती पाण्यावर किंवा धातूच्या वजनावर अवलंबून नाही, निसर्गातल्या एका स्थिर संख्येवर ती बसवली आहे. उन्हाळ्यात पाणी किंचित प्रसरण पावते, त्यामुळे हजारात चार-पाचांचा फरक पडतो. पण घरच्या, शेतावरच्या आणि शाळेच्या कामाला हा हिशेब उत्तम चालतो : पाण्याचा लिटर म्हणजे किलो.

पण हे फक्त पाण्याचे झाले! पाण्यावरून शिकलेली गोष्ट आपण तेलाला लावली, दुधाला लावली, पिठाला लावली, आणि तिथेच फसलो.

एकाच मापात मावणाऱ्या निरनिराळ्या वस्तूंचे वजन निरनिराळे का असते? कारण काही पदार्थ आतून दाट असतात, काही विरळ. या दाटपणाला शास्त्रात घनता म्हणतात. शब्द जड वाटला तरी अर्थ सोपा आहे. एका मिलिलिटरच्या त्या चिमुकल्या डबीत तो पदार्थ भरला तर त्याचे किती ग्रॅम भरतील, ती त्याची घनता. पाण्याची एक. खाद्यतेलाची ०.९१, म्हणून तर तेल पाण्यावर तरंगते. दुधाची साधारण १.०३. मधाची जवळजवळ १.४. लोखंडाची पावणेआठच्या आसपास. पाऱ्याची १३.६. आणि शुद्ध सोन्याची १९.३. दहा ग्रॅम सोने म्हणजे केवढे? फक्त अर्ध्या मिलिलिटरएवढे, म्हणजे पाण्याच्या दहा थेंबांना जेवढी जागा लागते तेवढे. एवढ्याशा जागेत शेतकऱ्याची वर्षाची पुंजी मावते!

आता रूपांतराचा नियम सांगतो, तो शिक्षकबंधूंनी फळ्यावर लिहून ठेवावा. मापाकडून वजनाकडे जाताना घनतेने गुणायचे. वजनाकडून मापाकडे येताना घनतेने भागायचे. पाचशे मिलिलिटर तेलाचे वजन किती? पाचशे गुणिले ०.९१, म्हणजे ४५५ ग्रॅम. एक किलो मधाला केवढी बाटली लागेल? हजार भागिले १.४, म्हणजे सुमारे ७१५ मिलिलिटर. एवढेच गणित आहे. चौथीचा मुलगा गुणाकार करील, सहावीचा भागाकार करील. कठीण काय आहे, तर ‘हा आकडा मापाचा की वजनाचा?’ हा प्रश्न वेळेवर सुचणे.

दुधाचेच पाहा. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी दोन-चार जनावरे असतील आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध जात असेल. काही ठिकाणी दूध मापाने घेतात, काही ठिकाणी काट्यावर घेतात. दर लिटरचा असतो की किलोचा, हे कधी नीट विचारले आहे का? दहा लिटर दुधाचे वजन दहा किलो नसते, दहा किलो तीनशे ग्रॅम असते. रोज दहा लिटर दूध घालणाऱ्याचे महिन्याला तीनशे लिटर झाले, म्हणजे ३०९ किलो. दर किलोचा असेल आणि वहीत लिटरचा आकडाच किलो म्हणून मांडला जात असेल, तर महिन्याकाठी नऊ किलोंवर पाणी सोडल्यासारखे होईल. उलट दर लिटरचा असून काट्यावरचे किलोच लिटर म्हणून लिहिले, तर नुकसान डेअरीचे. यात लबाडीच असते असे नाही. पुष्कळदा देणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. वाद घालण्याआधी एकदा शांतपणे विचारा : माप की वजन?

दुधात बुडवायची ती काचेची नळी, लॅक्टोमीटर, तीही घनताच मोजते. नळीवर तीस आकडा दिसला म्हणजे घनता १.०३०. दुधात दहावा हिस्सा पाणी घातले की आकडा तीन घरे खाली येतो, सत्तावीस दाखवतो. पण या नळीलाही फसवता येते. साय दुधापेक्षा हलकी असते. ती काढून घेतली की उरलेले दूध जास्त दाट होते आणि आकडा वर चढतो. मग त्यात पाणी घातले की तो पुन्हा जागेवर! म्हणून नुसत्या घनतेवर भागत नाही, स्निग्धांशही तपासावा लागतो. आणखी एक गोष्ट. धारोष्ण दुधात नळी बुडवू नका. कोमट दूध पसरलेले असते, त्यामुळे निर्मळ दुधाचाही आकडा कमी येतो. दूध थोडे निवू द्यावे, फेस बसू द्यावा, मग पाहावे. नाहीतर इमानदार माणसावर विनाकारण आळ यायचा.

आतापर्यंत पातळ पदार्थांचे झाले. कोरड्या जिनसांचे प्रकरण याहून बिकट आहे, कारण दाण्या-दाण्यांच्या मध्ये हवा असते. गव्हाचे पीठ चाळून भांड्यात अलगद टाकले तर एक भांडे. तेच भांडे आपटून, दाबून भरले तर त्यात दीडपटीच्या जवळपास मावेल. भांडे तेच, पीठ तेच, वजन निराळे. शिवाय शीग! माप सपाट भरले की शीग लावून भरले, यावर जुन्या बाजारात किती तंटे झाले असतील! तेव्हा कोरड्या वस्तूची घनता म्हणजे एक अंदाज असतो, हे ध्यानात ठेवून पुढचे आकडे ऐका. २०० मिलिलिटरची एक वाटी घेतली, तर तीत पाणी २०० ग्रॅम, तेल १८२ ग्रॅम, साखर सुमारे १७० ग्रॅम, तांदूळ सुमारे १६०, आणि सैल भरलेली कणीक अवघी ११० ग्रॅमच्या आसपास. बारीक मीठ मात्र पाण्याहून जड, तेच वाटीभर २४० ग्रॅम होईल. म्हणून ‘वाटीला वाटी’ हे प्रमाण शिऱ्याला चालते, पण जिथे ग्रॅममध्ये सांगितले आहे तिथे वाटी चालत नाही.

शेतावर फवारणीच्या वेळी हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. औषधाच्या वेष्टनावर कधी ‘एका लिटर पाण्याला २ मिलिलिटर’ असे असते, तर कधी ‘दहा लिटर पाण्याला २५ ग्रॅम’ असे. पहिले पातळ औषध आहे. पंधरा लिटरच्या पंपाला ते तीस मिलिलिटर लागेल, आणि ते मापाच्या पेल्यानेच मोजायचे. दुसरी भुकटी आहे. पंधरा लिटरला साडेसदतीस ग्रॅम लागेल, आणि ती तोलायलाच हवी. काडेपेटीच्या खोक्याने किंवा बाटलीच्या झाकणाने भुकटी मोजणारे शेतकरी मी पाहिले आहेत. ‘एका पंपाला दोन पेट्या’ असा त्यांचा ठरलेला हिशेब असतो. पण एक भुकटी फुलासारखी हलकी असते, दुसरी मातीसारखी जड. त्याच पेटीत एकीचे वजन दुसरीच्या दुप्पट भरू शकते. मागच्या वर्षीच्या औषधाला बसलेला हिशेब यंदाच्या औषधाला लावला, तर एक तर कीड मरत नाही, नाहीतर पाने करपतात, आणि दोष जातो औषधाला.

युरियाची दोन टक्के फवारणी घ्या. दोन टक्के म्हणजे लिटरला वीस ग्रॅम, पंधरा लिटरला तीनशे ग्रॅम. आता तीनशेची खूण असलेल्या प्लास्टिकच्या पेल्याने आपण युरिया मोजला, तर तीनशे मिलिलिटर युरिया झाला. युरियाचे दाणे सैल असतात. त्यांची घनता पाऊणच्या आसपास भरते. म्हणजे प्रत्यक्षात पडले सव्वादोनशे ग्रॅम. तीनशे ग्रॅम हवे असतील तर त्या पेल्याने चारशेपर्यंत भरायला हवे. मार्ग एकच : पहिल्या वेळी एकदा काट्यावर तोलून घ्यावे, आणि ते भांड्यात जिथवर येते तिथे खूण करून ठेवावी. ती खूण त्याच एका मालापुरती खरी. आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये, हे मी वेगळे सांगायला नको.

इथवर पैशाचे आणि पिकाचे झाले. आता माझ्या घरातला प्रसंग सांगतो. त्यात चूक माझीच आहे, म्हणून निःसंकोचपणे सांगता येतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो होतो. धाकटी मुलगी तेव्हा दोन वर्षांची, वजन जेमतेम दहा किलो. रात्री तिला ताप चढला. शहरातल्या डॉक्टरांनी पूर्वी तापासाठी पॅरासिटामॉलचे पातळ औषध दिले होते आणि ‘एक चमचा’ असे सांगितले होते, ते आमच्या लक्षात होते. ती बाटली मात्र बरोबर आणलेली नव्हती. मी मोटारसायकलवरून तालुक्याला गेलो आणि त्याच नावाचे औषध घेऊन आलो. घरात दिवा मंद, पोर रडते आहे, सगळ्यांची घाई. मी बाटली उघडली, चमचा काढला आणि काठोकाठ भरला.

आई बाजूला बसली होती. ती चौथीपर्यंत शिकलेली. पण उभा जन्म तिने चिपट्या-मापट्याने धान्य मोजले. ती म्हणाली, “अरे, थांब. ही बाटली एवढीशी कशी? मागची तर मोठी होती.”

मी म्हणालो, “आई, औषध तेच आहे. नाव वाच ना.”

“नाव तेच असेल,” ती म्हणाली. “पण माप बदललंय ना? आणि ह्यात थेंबाची नळी कशाला दिलीय मग? आधी नीट वाच, काय लिहिलंय ते.”

मी चष्मा लावला आणि वाचले. जुन्या बाटलीतल्या पाच मिलिलिटर औषधात १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते. ही नवी बाटली थेंबांची होती. हिच्यातल्या एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम होते. मी भरलेल्या चमच्यात पाचशे मिलिग्रॅम औषध होते. द्यायचे होते १२०. म्हणजे चौपटीहून अधिक! एखादा मोठा माणूस घेतो तेवढी मात्रा मी दोन वर्षांच्या लेकराच्या तोंडाला लावत होतो. आणि हीच चूक दिवसातून तीन-चार वेळा, दोन दिवस चालू राहिली असती, तर या औषधाने तिच्या यकृताला गंभीर इजा होऊ शकली असती. मी चमचा खाली ठेवला. डॉक्टरांना फोन लावला, बाटलीवरचे आकडे वाचून दाखवले, आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे नळीने १.२ मिलिलिटर दिले. पहाटे ताप उतरला. कॉलेजात शिकवणाऱ्या एम. ए. मुलाला त्या रात्री चौथी शिकलेल्या आईने धडा दिला, तो मी विसरलेलो नाही.

चूक कुठे झाली? मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांत. दोन्ही शब्दांच्या आरंभी ‘मिलि’ आहे आणि घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. ‘मिलि’ म्हणजे नुसता हजारावा भाग. मिलिलिटर हा लिटरचा हजारावा भाग, म्हणून ते माप. मिलिग्रॅम हा ग्रॅमचा हजारावा भाग, म्हणून ते वजन. औषधाच्या बाटलीत मिलिलिटर असतात ते पातळ द्रवाचे, आणि मिलिग्रॅम असतात ते त्यात विरघळलेल्या खऱ्या औषधाचे. इथे द्रवाची घनताही उपयोगी पडत नाही. एका मिलिलिटरमध्ये औषध किती घातले आहे ते लेबलवरच वाचावे लागते. एकाच औषधाच्या तीन बाटल्यांत ते तीन तऱ्हेचे असू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारताना ‘किती चमचे?’ असे विचारू नका. ‘या बाटलीतले किती मिलिलिटर?’ असे विचारा, आणि शक्य तर बाटली समोर धरूनच विचारा. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, ती त्यांनाच ठरवू द्या.

आणि चमच्याचे म्हणाल, तर औषधाचा चमचा म्हणजे पाच मिलिलिटर. आपल्या घरातला चमचा तेवढा असतोच असे नाही. त्या रात्रीनंतर मी आमच्या घरातले पाच चमचे पाण्याने मोजून पाहिले. सगळ्यांत लहान तीन मिलिलिटरचा निघाला, सगळ्यांत मोठा सातचा! म्हणून औषध द्यायचे ते बाटलीबरोबर आलेल्या पेल्याने, नळीने, किंवा बिनसुईच्या नव्या पिचकारीने. त्यांच्यावर रेघा असतात आणि रेघा खोटे बोलत नाहीत.

हाच विचार हगवणीच्या वेळी द्यायच्या जलसंजीवनीला लावा. ओआरएसच्या पुड्या दोन आकारांच्या मिळतात. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पुडी एका पेल्यासाठी, म्हणजे २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर ते पाणी पाचपट खारट होते आणि उपायाचाच अपाय होतो. पुडी नसेल तेव्हा घरी करायचे प्रमाण आपणांस ठाऊक असेल : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हा चमचा पाच मिलिलिटरचा, आणि ‘सपाट’ हा शब्द फार मोलाचा. साखरेचा सपाट चमचा सुमारे चार ग्रॅमचा असतो, मिठाचा सुमारे सहा ग्रॅमचा. मिठाला शीग लागली की लेकराच्या पोटात दुप्पट मीठ गेलेच म्हणून समजा. बोटाने किंवा सुरीच्या पाठीने शीग खाली पाडा, मगच पाण्यात घाला.

आता शेवटी थोडे शिक्षकबंधूंसाठी आणि भगिनींसाठी. पुष्कळ शाळांतून तराजू असतो तर वजने नसतात, आणि वजने असतात तर ती पाच-दहा ग्रॅमची नसतात. पण ज्या शाळेत पाणी आहे त्या शाळेत वजने आहेत! एक फूटपट्टी घ्या. बरोबर मधोमध भोक पाडून ती दोऱ्याने टांगा. दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर दोन सारखे कागदी पेले दोऱ्याने लटकवा. पट्टी एकीकडे झुकत असेल तर दुसरीकडे मेणाचा लहानसा गोळा चिकटवून ती आडवी करा. झाला तराजू. आता एका पेल्यात वस्तू ठेवा आणि दुसऱ्यात पाच मिलिलिटरच्या बिनसुईच्या पिचकारीने हळूहळू पाणी सोडा. पट्टी आडवी होईतो जितके मिलिलिटर पाणी गेले, तितके त्या वस्तूचे ग्रॅम. खिशातल्या नाण्यांचे वजन मुलांना काढू द्या. एकट्या नाण्याचे नीट कळले नाही तर एका जातीची पाच नाणी ठेवा आणि पाचाने भागा. उत्तर मी सांगत नाही. ते त्यांनाच सापडले पाहिजे.

कायमची वजने हवी असली तर तीही करता येतात. एका पेल्यात दहा मिलिलिटर पाणी सोडा, दुसऱ्यात फडक्याचा तुकडा आणि दोरा ठेवून त्यावर पट्टी आडवी होईपर्यंत कोरडी वाळू टाका. मग त्याच फडक्याची त्याच दोऱ्याने पुरचुंडी बांधा. ती दहा ग्रॅमची झाली. अशीच वीसची आणि पन्नासची करा. बाजारात माल विकायला ही चालणार नाहीत, तिथे वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलीच वजने हवीत. पण वर्गात शिकायला ही सोन्याच्या मोलाची.

त्याहून लहान वजनाची कल्पना द्यायची असेल तर गुंज दाखवा. लालभडक, डोक्यावर काळा ठिपका असलेले ते बी अजून रानात मिळते. मात्र ते विषारी असते, म्हणून ते शिक्षकांनी आपल्याच हाती ठेवावे. मुलांनी ते फोडू नये की तोंडात घालू नये. सोनारांच्या जुन्या हिशेबात शहाण्णव गुंजांचा तोळा. तो तोळा ११.६६ ग्रॅमचा होता; आज सराफीत तोळा म्हणताना बहुधा दहाच ग्रॅम धरतात, हेही मुलांना सांगा. त्या जुन्या हिशेबाने एक गुंज भरते सुमारे १२१ मिलिग्रॅम. पाण्याचे वीस थेंब म्हणजे ढोबळपणे एक मिलिलिटर. तेव्हा एक गुंज म्हणजे पाण्याचे जवळजवळ अडीच थेंब! ‘गुंजभर’ या शब्दाचा अर्थ मग पोरांना जन्मभर विसरता येणार नाही.

घनता काढायची तर गावातला दगडच घ्या. तो आधी तोला. मग काठोकाठ भरलेल्या तांब्यात दोऱ्याने हलकेच सोडा आणि सांडलेले पाणी खालच्या ताटलीतून पिचकारीने मोजा. दगडाचे ग्रॅम भागिले सांडलेले मिलिलिटर, ही त्याची घनता. आपल्या दख्खनच्या काळ्या फत्तराची ती पावणेतीन ते तीनच्या घरात येईल. कोकणातल्या शाळेने जांभा घ्यावा. तो कमी भरेल, आणि पाण्यात सोडताच त्यातून बुडबुडे निघतील. ते का निघाले, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील. शिक्षकाला याहून अधिक काय हवे?

तर श्रोतेहो, माझे सांगणे एवढेच आहे. मापाचा शेर वेगळा आणि वजनाचा शेर वेगळा. कुठलाही आकडा समोर आला, मग तो तेलाच्या पिशवीवर असो, डेअरीच्या वहीत असो, फवारणीच्या डब्यावर असो की औषधाच्या बाटलीवर असो, ओतण्यापूर्वी एक क्षण थांबायचे आणि विचारायचे : हे लिटर की ग्रॅम? हे भरून मोजायचे की तोलून? माझ्या आईने त्या रात्री जे विचारले ते हेच. तिला घनता हा शब्द माहीत नव्हता, पण माप बदलले की हिशेब बदलतो हे तिला पक्के ठाऊक होते. तेवढे आपण सर्वांनी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.